भेगेपुढचा मखमली पडदा

सप्रेम नमस्कार, मित्रांनो! ज्याच्याकडे पाहताना लोकांचे लक्ष नेहमी त्याच्या पलीकडे काय असेल याकडेच लागलेले असते, असा मी एक जुना पडदा आहे. माझा रंग डाळिंबी, कापड मखमलीचे, अस्तर जाड सुताचे. अंगावर ठिगळे आहेत, खालच्या कडेला झालर आहे आणि त्या झालरीचा वीतभर तुकडा बेपत्ता आहे. तो कुठे गेला, ते ओघात येईलच. आमच्या कुळाला संस्कृत भाषेत 'तिरस्करिणी' असे भारदस्त नाव आहे. नाव ऐकून दचकू नका. मी कुणाचाही तिरस्कार करीत नाही. आड होणे, एवढाच आमचा कुलधर्म. आड केव्हा व्हावे आणि बाजूला केव्हा सरावे, हे मात्र पडद्याच्या हाती नसते. ते दोरी ओढणाऱ्याच्या हाती असते. माझी कथा मी सावकाश सांगणार आहे. वस्तूंना घाई नसते.

माझा जन्म या शहराच्या परिषद-भवनातच झाला. परिषद-भवन म्हणजे एक उंच, प्रशस्त सभागृह आणि त्याच्या सभोवती पसरलेले प्रदर्शनाचे मैदान. मैदानात गुरांचे गोठे होते, विक्रेत्यांचे गाळे होते, मधोमध गोल रिंगण होते. इमारत तेव्हा इतकी नवी होती, की भिंतींना ओल्या चुन्याचा वास येत असे. गिरणीतून मखमलीचे तागे आले. पण एवढे कापड मावेल असे मेज साऱ्या शहरात कुणाकडे नव्हते. तेव्हा सभागृहाच्या फरशीवरच मला पसरण्यात आले, आणि नुकतेच स्वतःचे दुकान थाटलेली एक तरुण शिंपीण हातमशीन घेऊन माझ्यावर येऊन बसली. एरवी शिवणारे बसलेले असतात आणि कापड सरकते. येथे कापड निश्चल होते. टाका घालीत घालीत शिवणारीच मागे मागे सरकत होती.

काम पाहायला एक मोठे अधिकारी आले आणि सरळ माझ्यावरून चालू लागले.

"चपला बाहेर काढा आधी! कापड आहे हे, रस्ता नाही," शिंपीण मान वर न करता म्हणाली.

"अहो बाई, मी इथला मुख्य अधिकारी आहे."

"असाल हो. पण मखमलीला कुठं माहीत आहे ते?"

अधिकारी खरोखरच मागे फिरले आणि अनवाणी परत आले. मित्रांनो, जन्माच्या दिवशी ज्याला असा पाठीराखा लाभतो, त्याने आपले भाग्य थोर मानावे. पुढे त्या तरुणीचे केस पिकले, सारे शहर तिला 'शिवणमावशी' म्हणू लागले. पण माझा एकही टाका तिने कधी दुसऱ्याच्या हाती दिला नाही.

मला रंगमंचाच्या पुढे टांगण्यात आले. दोरी ओढली, कप्पी गुणगुणली आणि मी मधोमध दुभंगून दोन्ही बाजूंना सरलो, तेव्हा टाळ्यांचा जो कल्लोळ झाला तो आजही माझ्या धाग्याधाग्यांत आहे. त्या टाळ्या माझ्यासाठी होत्या, की माझ्यामागे उभ्या असलेल्या गायकवृंदासाठी, हा प्रश्न मी स्वतःला कधी विचारला नाही. सुखाची चौकशी करू नये.

त्यानंतरची वर्षे कशी गेली म्हणून सांगू! दंतवैद्यांच्या परिषदा झाल्या. त्यांत वक्ते बोलत आणि श्रोते भाषणाऐवजी एकमेकांचे दात न्याहाळीत. मधमाश्या पाळणाऱ्यांचे संमेलन झाले. त्यातल्या दोन-चार मधमाश्या-प्रतिनिधी उडून माझ्या चुण्यांत वस्तीला राहिल्या. पुस्तकांची प्रदर्शने झाली, नांगर-यंत्रांची झाली, फुलांची झाली. आणि हवा कोरडी झाली की मैदानावर पशुप्रदर्शन भरे. एका वर्षी बक्षीससमारंभासाठी एका बोकडाला मंचावर आणले होते. परीक्षकांचे भाषण लांबले, बोकडाला भूक लागली आणि त्याने माझी झालर खायला आरंभ केला.

"अहो, त्याला बक्षीस देऊन टाका लवकर," शिवणमावशी प्रेक्षकांतून ओरडल्या, "नाहीतर भाषण संपेपर्यंत अख्खा पडदा पोटात जाईल!"

पहिले बक्षीस त्यालाच मिळाले. माझी झालर पचवून तो तुकतुकीत राहिला, असे पुढे कानी आले. तेव्हा त्या बक्षिसात माझाही वाटा होता, असे मी नम्रपणे समजतो.

परंतु मित्रांनो, इमारतीचेही वय होते, आणि ते माणसाच्या वयासारखे गुडघ्यांत न येता छपरात येते. छपराचा एक सांधा सुटला. त्यातून पाणी झिरपू लागले, ते मंचामागच्या भिंतीत मुरले, आणि भिंतीला वरून खाली एक भेग गेली. ती चांगली दिसत नव्हती. तेव्हा मला मंचाच्या पुढून काढून, दोरी-कप्पीसकट त्या भिंतीवर 'तात्पुरते' टांगण्यात आले. मनुष्याच्या भाषेत 'तात्पुरते' या शब्दाइतका दीर्घायुषी शब्द माझ्या पाहण्यात नाही. मी तेथे वर्षानुवर्षे राहिलो. मला कुणी उघडीना, कारण उघडण्यासारखे मागे काही नव्हते. माझ्या पुढच्या अंगावर दिव्यांचा प्रकाश पडे आणि पाहुणे म्हणत, "वा, काय भारी मखमल आहे!" माझ्या मागच्या अंगाला मात्र भिंतीची ओल लागे. एका अंगाने स्तुती ऐकायची आणि दुसऱ्या अंगाने कुजायचे, असे ते दिवस होते.

या भवनाच्या व्यवस्थापकांना सारे शहर 'यजमान' म्हणे. ते टोपणनाव त्यांना शोभतही होते. दिवे लावणारा मदतनीस म्हणून ते येथे आले आणि याच भवनात त्यांचे केस विरळ झाले. दंतवैद्य असो की म्हैसवाला, प्रत्येकाचे स्वागत ते दारात उभे राहून करीत. आलेल्या माणसाला येथे काही उणे दिसले, तर तो त्यांना आपल्या घराचा अपमान वाटे. फरशी फुटली की ते त्यावर गालिचा घालीत. नळ गळू लागला की त्यापुढे झाड ठेवीत. दर वर्षी ते महानगरपालिकेकडे दुरुस्तीची मागणी करीत, आणि दर वर्षी उत्तर येई, 'पुढच्या वर्षी पाहू.' मग ते उसासा टाकून माझी घडी सारखी करीत.

यजमानांची थोरली बहीण या शहराच्या सभेत सदस्य होती. सारे तिला ताईच म्हणत. शहराच्या दूरच्या टोकाला तिचा प्रभाग होता. बोलायला तिखट, चालायला झपाझप. भावावर तिचे प्रेम होते. पण ते ओळखायला सराव लागे. "किती वाळलायस रे! तुझ्या त्या दंतवैद्यांना सांग जरा, दात आहेत तर खायला पण घाला म्हणावं," अशा शब्दांत ते प्रकट होई.

आणि मग तो प्रश्न उभा राहिला, ज्यासाठी मी ही कथा सांगतो आहे. परिषद-भवन आणि मैदान यांचे नूतनीकरण शहराच्या पैशाने करावे, असा प्रस्ताव सभेपुढे आला. त्यात छप्पर होते, भिंत होती, मैदानातले नाले होते, गोठ्यांच्या फरश्या होत्या. शिवाय काचेचा भव्य दर्शनी भाग, कमान आणि कारंजेही होते. त्या काचेच्या दर्शनी भागाचे चित्र यजमानांनी प्रवेशद्वाराशी लावले होते, आणि येता-जाता ते त्याच्यापुढे क्षणभर थांबत. प्रस्ताव नामंजूर झाला तर दुसरा मार्गही तयार होता. एक व्यापारी कंपनी सारी जागा दीर्घ मुदतीच्या भाड्याने घेऊन तेथे दुकानांची इमारत बांधायला उत्सुक होती. मग सभागृह पाडले जाणार होते, मैदान बुजणार होते. माझे काय झाले असते, ते सांगायला नको. मखमलीची चिंधी देखील चिंधीच.

प्रस्तावाला विरोध करणाऱ्यांत सर्वांत पुढे कोण होते? ताई! भाऊबहिणींचे बोलणे बंद झाले. या रिकाम्या सभागृहात यजमान एकदा शिवणमावशींना म्हणाले, "परक्यानं विरोध केला असता तर वाईट वाटलं नसतं हो."

मावशी म्हणाल्या, "परक्यानं विरोध केला असता, तर तुम्ही जेवला असता. आज जेवलेला दिसत नाही."

सभेने ठरवले, की नागरिकांसमोर खुली चर्चा घ्यायची, आणि ती याच सभागृहात. सदस्यांनी जागा डोळ्यांनी पाहावी, मग हात वर करावेत. यजमानांच्या दृष्टीने यापेक्षा मोठी संधी नव्हती. आणि मित्रांनो, येथेच त्यांनी ती चूक केली, जी केवळ एक उत्तम यजमानच करू शकतो.

पाहुणे येणार म्हटल्यावर त्यांनी सभागृह सजवायला घेतले!

भिंतींना सफेदी झाली. फुटक्या फरशीवर सर्वांत चांगले गालिचे अंथरले गेले. छपरातून जेथे जेथे पाणी टपके, तेथे एरवी बादल्या असत. त्या उचलून त्या जागी फुललेल्या कुंड्या मांडण्यात आल्या. मला झाडले, झटकले, वाफेवर धरले, आणि माझ्या चुण्या अशा काही रेखीव बसवल्या, की मागची भेग स्वतःलाच विसरली असती. शिवणमावशी माझे एक ठिगळ टाचायला आल्या होत्या. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला.

"यजमान, हे काय चाललंय?"

"पाहुणे येणार आहेत, मावशी. घर नीटनेटकं नको?"

"वैद्याकडं जाताना कुणी पावडर लावून जातं का?"

"असं कसं म्हणता? झाकली मूठ सव्वा लाखाची."

"मुठीत काही असेल तर! तुमच्या मुठीत भेग आहे, भेग."

यजमान हसले, पण त्यांचा हात माझ्या चुण्यांवरून फिरतच राहिला. त्यांना मावशींचे म्हणणे कळत होते; पण फाटके अंग पाहुण्यांपुढे उघडे करणे त्यांच्या स्वभावात नव्हते. स्वभाव हा देखील एक पडदाच असतो, आणि त्याची दोरी फार वर बांधलेली असते.

चर्चेच्या दिवशी आकाश देखील यजमानांच्या बेतात सामील झाल्यासारखे निरभ्र होते. ऊन खिडक्यांतून गालिच्यांवर उतरले होते. महापौर आले, सदस्य आले, नागरिकांनी बाके भरली. यजमान दारात उभे राहून प्रत्येकाला "या, या" म्हणत होते. ताई आली तेव्हाही ते "या" म्हणाले. भावाने बहिणीला "ये" म्हणायचे सोडून "या" म्हणावे, हे ऐकून माझ्या अस्तराला कसेसेच झाले.

चर्चा सुरू झाली. रोपे विकणारी एक बाई उठली. ती म्हणाली, "आमच्या वाडीतली निम्मी रोपं या एका प्रदर्शनात खपतात. मैदान गेलं तर मी ती कुणाला विकू? दुकानांच्या इमारतीत उभं तरी करतील का मला, चिखलाच्या पायांनी?" एक निवृत्त गृहस्थ उठले. ते म्हणाले, "तुमचं खरं आहे बाई. पण आमच्या गल्लीत संध्याकाळी दिवा नाही. आधी काय, नंतर काय, हे कुणीतरी ठरवायला नको?" दोघांचेही बोलणे मला पटले. पडद्याला दोन बाजू असतात, त्यामुळे आम्हाला असे वारंवार होते.

मग भरघोस मिशांचे एक सदस्य उठले. त्यांनी सभागृहावरून नजर फिरवली, गालिच्यावर पाय घासून पाहिला, माझ्याकडे कौतुकाने पाहिले आणि म्हणाले, "अहो, मला तर इथं मोडकं काहीच दिसत नाही! इतकं देखणं सभागृह. मी तर म्हणतो, लेकीचं लग्न इथंच करावं. मग शहराचा पैसा कशाला? आणि हे जुनं नकोच असेल तर ती कंपनी फुकटात सगळं बांधून देतेय."

"फुकटात एकच गोष्ट मिळते, उपदेश!" मागून शिवणमावशींचा आवाज आला. हशा पिकला. पण हसणारेही मान डोलावीत होते. खरेच, येथे काय मोडले होते?

यजमान उभे राहिले. छप्पर गळते, मागची भिंत खचते आहे, तुळई गंजली आहे, असे ते सांगू लागले. पण त्यांच्या शब्दांना त्यांचेच गालिचे खोटे ठरवीत होते.

"कुठं गळतंय? दाखवा की," मिशाळ सदस्य म्हणाले.

"प्रस्तावात सविस्तर लिहिलं आहे..."

"लिहायला काय हो! कागद कशाला नाही म्हणतो?"

आता ताई उठली. तिचा आवाज संथ होता. "माझा या सभागृहावर राग नाही. या मैदानावरच्या पाळण्यात बसून मी लहानाची मोठी झाले. पण माझ्या प्रभागातल्या दवाखान्यात औषधांच्या कपाटावर छत्री बांधून ठेवलीय, पाणी पडू नये म्हणून. दिवस भरलेल्या बायका उन्हात पायऱ्यांवर बसून वाट बघतात. तिथं गळतीखाली बादल्या आहेत, आणि इथं जिकडंतिकडं कुंड्या..."

ती थांबली. तिची नजर एका कुंडीवर खिळली. ती कुंडी बाकांच्या रांगांमधल्या वाटेच्या ऐन मध्यावर होती. दुसरी एक कुंडी बाकावर होती, माणूस बसावा तशी. शोभेसाठी कुणी तेथे कुंडी ठेवणार नाही. ताईने मान वर करून छताकडे पाहिले, मग पुन्हा कुंडीकडे, मग भावाकडे. तो हात जोडून, चेहऱ्यावर पाहुण्यांसाठीचे हसू घेऊन उभा होता.

"महापौरसाहेब," ती म्हणाली, "एक गोष्ट सांगते, विषयाला धरून आहे. हा माणूस लहान असताना एकदा घरी पाहुणे आले होते. त्यानं सगळ्यांना पाणी दिलं, खुर्च्या दिल्या, गप्पा मारल्या. पाहुणे गेले आणि हा दारातच कोसळला. हात लावून बघते, तर अंग तव्यासारखं तापलेलं. सकाळपासून ताप होता. पण कुणाला कळू दिलं नाही." मग ती सदस्याचा सूर विसरली, सभा विसरली आणि थेट त्याला म्हणाली, "अरे, काय झाकलंयस? खरं सांग."

"ताई, अगं, सभेत..."

"सभा गेली खड्ड्यात. काय झाकलंयस?"

मित्रांनो, त्या क्षणी माझ्या चुण्यांत जुन्या वस्तीला असलेली, झटकूनही न गेलेली एक मधमाशी गुणगुणली, ती सर्वांनी ऐकली. यजमानांचे हसू हळूहळू मावळले. त्याच्या मागून जो चेहरा दिसू लागला, तो मी कधीच पाहिला नव्हता. तो फार थकलेला होता. ते मंचावर चढले, माझ्याकडे आले आणि त्यांनी दोरी हातात घेतली.

दोरी ओढली, पण कप्पी हलेना. इतक्या वर्षांत मला कुणी उघडले नव्हते, ती गंजून घट्ट झाली होती. त्यांनी पुन्हा ओढले. माझी वरची शिवण करकरली. त्यांचे हात थबकले, आणि ते मावशींकडे पाहू लागले.

"ओढा!" मावशी बाकावरून उठून ओरडल्या. "फाटला तर मी शिवीन!"

त्यांनी सर्व बळ एकवटून ओढले. माझी ती शिवण उसवली, आणि मी अर्धा टांगलेला, अर्धा कोसळलेला, असा बाजूला झालो. मी उघडलो आणि कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, असे आयुष्यात प्रथमच घडले.

भिंतीवर छतापासून मंचापर्यंत भेग होती. तीत माणसाचा हात सहज जाईल, इतकी ती रुंद झाली होती. वरच्या तुळईचे गंजलेले पापुद्रे लोंबत होते. आणि भेगेच्या मधोमध, आपण सभेत आलो आहोत याची कसलीही जाणीव नसलेले, एक हिरवेगार रोपटे डुलत होते. ओलीचा जुना वास सभागृहात पसरला. मिशाळ सदस्यांनी आपली खुर्ची दोन हात मागे घेतली.

ताई मंचापाशी आली होती. "या भिंतीखाली तू माणसं बसवतोस?"

"काय करू मग? दर वर्षी मागितलं. दर वर्षी पुढच्या वर्षावर टाकलं. पाहुण्यांना काय दाखवू मी?"

"भिंत दाखव ना! हीच भिंत दाखव! मी काय परकी होते?" मग ती खाली वाकली, आणि तिने स्वतःच्या हाताने पायाखालच्या गालिच्याची कड उचलून तो गुंडाळायला घेतला. खाली फुटलेली फरशी होती. निवृत्त गृहस्थांनी दुसरी कड धरली. रोपवाल्या बाईने कुंड्या उचलून भिंतीकडेला नेल्या. त्यांच्याखाली ओलीचे काळे डाग होते. घटकाभरात सारी सजावट उतरली, आणि महापौर म्हणाले, "चला, आता मैदानही बघून घेऊ. या वेळी कुणी काही झाकू नका."

मला मैदान दिसत नव्हते. पण उघड्या दारांतून आवाज येत होते. तुंबलेल्या नाल्यापाशी कुणीतरी घसरले. गोठ्याच्या फरशीतल्या खड्ड्याविषयी यजमान आता न अडखळता सांगत होते. सजवलेल्या सभागृहात जो आवाज कापत होता, तो मोडक्या गोठ्यात किती भारदस्त झाला होता!

सारे परत आले, तेव्हा ताई पुन्हा बोलायला उभी राहिली.

"मी विरोध करायला आले होते," ती म्हणाली. "आताही सगळ्याला हो म्हणणार नाही. काचेचा दर्शनी भाग नको, कमान नको, कारंजं नको. इथं पाणी आधीच पुष्कळ आहे. छप्पर, भिंत, नाले, फरश्या एवढं करा, आणि त्याच ठरावात माझ्या दवाखान्याचं छप्परही घ्या. हे मान्य असेल, तर माझा हात वर आहे. आणि मैदान कंपनीला द्यायचं असेल, तर माझ्याशी गाठ आहे."

सगळ्यांच्या नजरा यजमानांकडे वळल्या. काचेच्या त्या चित्रापुढे ते रोज किती वेळ थांबत, हे मला ठाऊक होते. त्यांनी क्षणभर डोळे मिटले.

"काच नको," ते म्हणाले. "काच आली असती, तर तीही मी पुसतच बसलो असतो. आधी माणसं कोरडी राहू देत. इथलीही, दवाखान्यातलीही."

महापौरांनी हात वर करायला सांगितले. काही हात तत्काळ वर गेले. काही अजिबात गेले नाहीत. दिव्यांवाचून असलेल्या गल्लीच्या सदस्याने तर दोन्ही हात खिशात घातले, आणि त्याला दोष देता येणार नाही. हात समसमान होतात की काय, अशी वेळ आली. तेव्हा मिशाळ सदस्यांनी एकदा भेगेकडे पाहिले, एकदा आपण मागे ओढलेल्या खुर्चीकडे पाहिले आणि पुटपुटले, "या भिंतीखाली मी लेकीचं लग्न लावणार होतो." मग त्यांचा हात वर गेला. ठराव संमत झाला.

टाळ्या वाजल्या, त्या वाजोत. मी पाहत होतो ते निराळेच. ताई भावाच्या खांद्यावरचा चुना झटकत होती आणि म्हणत होती, "उद्या दवाखान्यात ये. छत्री बघायला. पण येताना कुंडी आणलीस, तर दारातूनच हाकलून देईन." यजमान हसले. हे हसू पाहुण्यांसाठी नव्हते.

त्यानंतर मला मावशींच्या दुकानात नेण्यात आले. त्यांच्या बोटांना आता कंप होता. एक टाका घालायला पूर्वीपेक्षा फार वेळ लागे. पण त्या म्हणत, "घाई कुणाला आहे? तुझी भिंत बांधून व्हायचीय अजून." कुजलेल्या भागाची मखमल त्यांनी कापून टाकली. त्यामुळे मी पूर्वीपेक्षा आखूड झालो. पण जेवढा उरलो, तेवढा सारा निरोगी आहे. इकडे सभागृहाचे छप्पर उतरवून नवे घातले गेले. भिंत पायापासून पुन्हा उभी राहिली. भेगेतले रोपटे रोपवाल्या बाईने अलगद काढून नेले. ते तिच्या वाडीत जगले आहे, असे कळते. दवाखान्याचे छप्पर तर आमच्याही आधी झाले. ताईने तशी अटच घातली होती. आणि निवृत्त गृहस्थांच्या गल्लीसाठी नवी चर्चा सुरू झाली आहे. त्यांचा दिवा अजून लागलेला नाही, हे मी लपवणार नाही.

मी आता पुन्हा रंगमंचाच्या पुढे आहे, जेथे पडद्याने असावे तेथे. नवी दोरी आहे, तेल दिलेली कप्पी आहे. मागच्या कोऱ्या भिंतीवर यजमान काहीही टांगू देत नाहीत.

त्यांनी एक नवा प्रघातही पाडला आहे. दर वर्षी प्रदर्शनाची तयारी सुरू होण्यापूर्वी ते एक दिवस सारे भवन उघडेवाघडे ठेवतात. गालिचे उचललेले, कुंड्या बाहेर, भिंती मोकळ्या. त्या दिवशी शहराला आमंत्रण असते. यजमान पूर्वीसारखेच दारात उभे राहतात. पण आता "या, या" म्हणून झाल्यावर पाहुण्यांना सर्वांत आधी मोडकी जागा दाखवतात. कुणी खिळा ठोकून देतो, कुणी सल्ला देतो, कुणी नुसताच वाद घालून जातो. वाद घालणाऱ्यांनाही ते पाणी विचारतात.

मित्रांनो, तुमच्या शाळेत, घरात, गल्लीत काही मोडले असेल, तर त्याच्यावर नुसते कापड टाकून पुढे जाऊ नका. ज्याला ते दुरुस्त करता येईल, त्याचा हात धरून त्याला तेथवर न्या. लाज वाटेल, ती थोडा वेळ टिकते. आणि आम्हा पडद्यांना शोभेची कामे पुष्कळ द्या, ती आम्ही आनंदाने करू.

त्या उघड्या दिवशी मला मात्र काही काम नसते. मला खाली उतरवून, घडी घालून, मावशींच्या दुकानातल्या फळीवर ठेवलेले असते. तेथून सभागृह दिसत नाही. रस्त्यावरून तिकडे जाणाऱ्या लोकांच्या पावलांचा आणि बोलण्याचा आवाज तेवढा येत राहतो. मी निवांत पडून तो ऐकत असतो. वर्षातला तो एकच दिवस असा, की ज्या दिवशी माझ्यावाचून काहीही अडत नाही. आणि मी त्याच दिवसाची वाट पाहत असतो.